पंचा, फणी आणि पंखा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात पाच ठिकाणी पंचे टांगलेले असतात. एक दारामागे, एक पाण्याच्या भांड्यापाशी, एक टीव्हीजवळ, एक गाडीत आणि एक कायमचा माझ्या खांद्यावर. नव्या पाहुण्याला वाटतं, आजोबांचं काहीतरी सोवळंओवळं दिसतंय. मग आतून बंडू येतो, मान झटकतो आणि पाहुण्याच्या चष्म्यावर लाळेचा खुलासा येऊन पडतो.

बंडू म्हणजे आमचा सेंट बर्नार्ड कुत्रा. लांब केसांचा. वजन अडुसष्ट किलो, माझ्याहून चार किलोंनी जास्त. मुलानं हौसेनं आणला आणि दीड वर्षात मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला. कुत्रा राहिला पुण्यात, आमच्याकडे. ज्यांच्याकडे असं घडलंय ते आत्ता हसले असतील.

ही जात आल्प्समधली. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, सुमारे 2,469 मीटर उंचीवर. तिथल्या मठातले साधू बर्फात हरवलेल्या वाटसरूंना शोधायला हे कुत्रे पाळत. गंमत अशी, की मठातले ते मूळचे कुत्रे आखूड केसांचे होते. 1830 च्या सुमारास न्यूफाउंडलंड जातीशी संकर झाला आणि लांब केसांची पिल्लं निघायला लागली. दिसायला देखणी, पण केसांत बर्फाचे गोळे लटकायचे, कुत्रा जड होऊन दमायचा. साधूंनी ही पिल्लं खाली खोऱ्यातल्या लोकांना देऊन टाकली. म्हणजे या ओल्या केसांना आल्प्सचे साधूही कंटाळले होते, तिथे मुळामुठेच्या काठी आपण काय करणार? जुलैत आमच्याकडे बनियन दोन दिवस वाळत नाही. बंडू तर चालतीबोलती गोधडी.

पहिल्या पावसाळ्यात मी एक चूक केली. वास आला की अंघोळ, असा नेम धरला. दर रविवारी. तिसऱ्या आठवड्यात बंडू कानामागे खाजवून खाजवून रडायला लागला. केस बाजूला करून बघतो तर तळहाताएवढी लालभडक, चिघळलेली जखम. डॉक्टरांनी तिथले केस कापले, औषध दिलं आणि विचारलं, “अंघोळीनंतर वाळवता किती वेळ?” मी म्हटलं, “टॉवेलनं पुसतो की.” ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

वास कुत्र्याला नसतो, श्रोतेहो, ओलीला असतो. कुत्र्याच्या कातडीवर आणि केसांत जंतू आणि बुरशी असतेच. ओल मिळाली की ती वाढते, आणि पाणी उडून जाताना तिनं तयार केलेली वासाची द्रव्यं हवेत सोडतं. ओल्या कुत्र्याचा तो प्रसिद्ध वास, तो हाच. त्यावर अत्तर मारलं, तर वास येतो अत्तर लावलेल्या ओल्या कुत्र्याचा. मी मारून पाहिलंय.

लाळेचंही तेच. या जातीला लाळ जास्त सुटते असं आपण म्हणतो, पण खरी भानगड ओठांची आहे. वरचे ओठ लोंबते, खालच्या ओठाला कोपऱ्यात खोबण. लाळ गिळली जात नाही, तिथे साठते आणि ओघळते. त्यातून ती चिकट, त्यामुळे गळ्याखालच्या केसांत मुरून सुकली की दोरखंड तयार होतात. आंबूस वास तिथून येतो. म्हणून बंडूला आम्ही लाळेरं बांधतो. हो, तान्ह्या बाळाचं असतं तेच, फक्त उशीच्या अभ्र्याएवढं. बायकोनं जुन्या टर्किश टॉवेलची सहा शिवली. पण लाळेरं ओलं झालं की लगेच बदलायचं. ओलं लाळेरं दिवसभर छातीवर असणं न बांधण्यापेक्षा वाईट. आणि बंडू एकटा असेल किंवा झोपला असेल तेव्हा ते काढून ठेवायचं, कुठे अडकलं तर गळ्याला फास बसेल.

लाळ कधी येणार, हे कळतं. जेवणाचा डबा वाजला की, पाणी प्याल्यावर, गाडीत बसल्यावर, दुपारच्या उकाड्यात. मान झटकण्याआधी तो क्षणभर थांबतो, कान किंचित मागे जातात. त्या क्षणी पंचा तोंडाला लागला तर भिंत वाचते. पंचाच का? पातळ असतो, पाणी ओढतो आणि पावसाळ्यातही पंख्याखाली चटकन वाळतो. अंघोळीनंतर मात्र सोलापुरी जाड टॉवेलच हवा. सकाळ-संध्याकाळ ओठांची खोबण ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग कोरड्यानं. हे दुसरं पुसणं लोक विसरतात.

आता केस. या कुत्र्यांना वर लांब केस आणि खाली लोकरीसारखी दाट मऊ लव असते. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा चकाचक दिसतो आणि आत जटा तशाच. भांग पाडत जायचं, कातडी दिसेपर्यंत, आणि मुळापासून टोकापर्यंत फणी काढायची. काखेत, कानामागे, मांड्यांच्या मागच्या झुपक्यात, शेपटीखाली. जटा असतानाच पाणी घातलं तर त्या घोंगडीसारख्या आवळतात आणि आत पाणी धरून ठेवतात. माझी ती कानामागची जखम अशाच एका जटेखाली झाली होती. म्हणून आधी फणी, मग अंघोळ. उलटं कधीच नाही.

पावसाळ्यात आता अंघोळ महिन्यातून एकदा, आणि तीही उघडीप मिळाली तर. शाम्पू कुत्र्याचाच. माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची त्यापेक्षा कमी आम्लधर्मी, आपला शाम्पू तिला मानवत नाही. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी घालायचं, मग टॉवेलनं टिपायचं. चोळायचं नाही, चोळलं की पुन्हा जटा. नंतर ब्लोअर, गार किंवा अगदी कोमट हवेवर, झोतात आपला हात ठेवून. शेवटी टेबलफॅनसमोर बसवायचं आणि फणी चालू ठेवायची. दोन तास जातात. रेडिओवर गाण्यांचा कार्यक्रम लावायचा, दोघांचाही वेळ बरा जातो. वरचे केस वाळलेले दिसले तरी फसू नका. बोटं मुळाशी घाला. कातडी गार लागली, तर अजून ओल आहे.

फिरून आल्यावर साध्या पाण्यानं पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. डबक्यात जाऊ द्यायचं नाही, उंदरांच्या मुतामुळे त्यात लेप्टो या आजाराचे जंतू असू शकतात. त्याची लस मिळते, डॉक्टरांना विचारा.

“सगळे केस भादरून टाका की,” असं शेजारी सांगतात. नको. ती लव उन्हापासूनही राखते, आणि एकदा भादरली की पुन्हा धड येईलच असं नाही. पोटाखालचे, पंजांमधले केस कातरले तर चालतं. दुसरा सल्ला बेसनाचा. कोरड्या अंघोळीसाठी बेसन चोळा म्हणे. दमट हवेत, लाळ गळणाऱ्या कुत्र्यावर! श्रोतेहो, पिठलं झालं.

माझ्या नाकावर मात्र माझा विश्वास राहिलेला नाही. रोजच्या सहवासानं नाक सरावतं. सोलापूरहून बहीण येते, ती जिना चढतानाच निकाल देते. ती म्हणाली वास येतोय, की मी शोध घेतो. आधी झोपायच्या गादीची खोळ, मग गळ्याचा पट्टा, मग कान. लोंबत्या कानाखाली वारा लागत नाही. तपकिरी मळ आणि आंबट वास असेल तर कापसाची काडी घालून कोरत बसू नका, डॉक्टरांकडे जा. तोंडाचाच वास असेल तर दातांवरची कीटणं बघून घ्या.

आणि एक गोष्ट पुसून भागत नाही. रोजच्यापेक्षा एकाएकी खूप लाळ सुटली, कुत्रा ओकारी काढतोय पण पडत काहीच नाही, पोट फुगून टणक झालंय आणि तो एका जागी बसत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांना हा धोका असतो आणि हातात फार थोडा वेळ असतो. उन्हात धापा टाकत दाट लाळ गाळत असेल, तर तो उष्माघात असू शकतो, तिथेही वेळ थोडाच. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. पंचा खाली ठेवायचा आणि गाडी काढायची.

नमस्कार.