वाटीतला बलक

नमस्कार श्रोतेहो.

हाफ फ्राय खाल्लेली ताटली तुम्ही कधी तशीच सिंकमध्ये टाकून कामाला निघून गेला आहात? गेलाच असाल. संध्याकाळी ती घासायला घेतली की कळतं, वाळलेला बलक म्हणजे काय प्रकरण असतं ते. घासणी झिजते, नख दुखतं, पण तो पिवळा ओघळ काही हलत नाही. आपण वैतागतो. चित्रकार मात्र म्हणाले, हा गडी इतका घट्ट धरून बसतो ना, मग ह्यातच रंग कालवू या. ह्या कामाला म्हणतात एग टेंपेरा. म्हणजे बलकात कालवलेला रंग. आज मी त्याबद्दल बोलणार आहे, आणि ताईच्या सूपाबद्दलही. आमच्या घरात हे दोन विषय आता एकमेकांत असे कालवले गेलेत की वेगळे निघत नाहीत.

मी वीसेक वर्षं तैलरंगात चित्रं काढते. तैलरंग फार लाड करतो हो माणसाचे. आज लावला तर उद्याही ओला. नाक वाकडं झालं, पुसा. आभाळ मळलं, खरवडा. चित्र काढता काढता फोनवर अर्धा तास बोलून आलात तरी तो तुमची वाट बघत बसलेला. मागच्या वर्षी मला त्या लाडांचा कंटाळा आला. कंटाळा हे कारण लोक सांगत नाहीत, ‘नव्या आव्हानाच्या शोधात’ वगैरे म्हणतात. मला साधा कंटाळा आला होता.

टेंपेराचं सगळं उलटं. लावला की काही सेकंदांत वाळतो. ऐकलंत ना, सेकंदांत. दोन रंग एकमेकांत मिसळवत बसायला उसंतच नाही. मग गालाची गोलाई, फळावरची सावली कशी आणायची? तर बारीक ब्रशने, केसाएवढ्या रेघा शेजारी शेजारी ओढून. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि लांबून बघितलं की डोळाच त्या रेघा मिसळवतो. पंधराव्या शतकात युरोपात तैलरंगाची चलती सुरू व्हायच्या आधी लाकडी फळ्यांवरची बहुतेक चित्रं अशीच झाली. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीची शिंपल्यावर उभी असलेली व्हीनस देवी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल, तीसुद्धा टेंपेराच, फक्त फळीऐवजी कापडावर. आणि हे सगळं जुनंपुराणं समजू नका. अमेरिकेच्या अँड्र्यू वायथने गवतात बसलेल्या पाठमोऱ्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र केलं ते १९४८ साली, आणि तेही अंड्यातच.

आता कृती. अंडं फोडा, पांढरं वेगळं काढा, हे तुम्हाला येतंच. पण बलकाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. तो नको, कारण त्याच्या रंगात गुठळ्या होतात. म्हणून बलक तळहातावर घ्यायचा आणि ह्या हातावरून त्या हातावर सरकवत राहायचं. जो हात रिकामा होईल तो दर वेळी कोरडा पुसायचा. पाच-सहा वेळा असं झालं की चिकटलेलं पांढरं निघून जातं. मग बलक चिमटीत उचलायचा, वाटीवर धरायचा आणि खालून टाचणी टोचायची. आतला बलक वाटीत, पापुद्रा चिमटीत. जेवढा बलक तेवढंच पाणी आणि टिकावा म्हणून व्हिनेगरचा एक थेंब. पुन्हा सांगते, बलकाइतकं पाणी, व्हिनेगरचा थेंब. रंगाची पूड पाण्यात घोटून वेगळी ठेवायची आणि लागेल तेवढ्यालाच बलक कालवायचा. प्रमाण बरोबर आहे का ते काचेवर बघायचं. एक फटकारा ओढा, वाळू द्या आणि ब्लेडने उचला. अखंड साल निघाली तर जमलं. भुकटी पडली तर बलक कमी आहे.

एक गोष्ट दोनदा सांगते. रंगाची भांडी वेगळी आणि खाण्याची भांडी वेगळी. काही पुडींमध्ये शिसं असतं, कॅडमियम असतं. पूड हाताळताना तोंडावर मास्क हवा. रंगाची भांडी वेगळी, खाण्याची वेगळी. हे मी एवढं घोकून का सांगते आहे ते आता कळेल.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. स्वयंपाकघर तिचं. ‘तिचं’ म्हणजे काय, तर कुठल्या डब्यात काय आहे हे फक्त तिला माहीत असतं आणि कुठल्याच डब्यावर काही लिहिलेलं नसतं. माझं एक ठाम मत आहे श्रोतेहो, ज्या घरात फ्रीजमधल्या डब्यांवर चिठ्ठ्या नसतात त्या घरात रोज एक तरी भांडण ठरलेलं. आमच्याकडे रोज एक होतंच. असो.

त्या दिवशी सकाळी मी तीन अंडी घेऊन बसले. पहिल्याचा बलक हातावरच फुटला. दुसऱ्याचा चिमटीत फुटला आणि कोपरापर्यंत ओघळला. तिसरा कसाबसा वाटीत उतरला. पाणी घातलं, व्हिनेगर घातलं, तेवढ्यात एक काम निघालं. वाटीवर बशी झाकली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिली. फुटलेलं सगळं टाकवेना, म्हणून तेही गाळून त्याच वाटीत घातलं होतं. वाटी चांगली अर्धी भरली होती.

रात्री जेवायला बटाट्याचं सूप होतं. ताईचं सूप म्हणजे कांद्यावर सगळं. कढई तापली, कांदा पडला, की ती झारा चक्क ओट्यावर ठेवून देते. मी असते तर ढवळ ढवळ ढवळलं असतं. ती ढवळत नाही. कांद्याच्या कडा आधी काचेसारख्या होतात, मग खालच्या बाजूने एक तांबूस रेघ चढायला लागते, आवाज तडतडीचा होता तो सुसू असा मऊ होतो, आणि तेव्हा कुठे ती एकदा, एकदाच, सगळा कांदा उलटते. मी विचारलं तर म्हणते, “सारखं ढवळलं की तो नुसता वाफेत शिजतो, लाल होत नाही. त्याला तव्याला लागू दे की जरा.”

पण त्या रात्रीचं सूप काही वेगळंच होतं. रेशमासारखं. चमचा वर उचलला की मागे साय धरल्यासारखी चकाकी. आणि अगदी शेवटी जिभेच्या टोकाला एक आंबट कण. आमचे हे एरवी जेवणाबद्दल “ठीक” ह्यापलीकडे शब्द खर्च करत नाहीत, त्यांनी वाडगा पुढे केला. लेकीने दोनदा घेतलं. मीही घेतलं, आणि मनात म्हटलं, जेवण झालं की तासभर चित्राला बसू. फ्रीज उघडला. बशी नाही. वाटी नाही. वाटी ओट्यावर पालथी, घासूनपुसून लख्ख.

“ताई, ह्या वाटीतलं काय केलंस?”

“कुठलं? ते पिवळं? सूपात घातलं. तू अंडी फेटून ठेवली होतीस ना? फार पातळ केली होतीस गं, पण चाललं.”

लेकीचा चमचा हवेत थांबला. “आई, तू त्यात रंग घातला होतास?”

सगळे माझ्याकडे बघताहेत. मी म्हटलं, नाही, रंग वेगळा असतो, रंगाची वाटी माझ्या टेबलावर आहे, इथे नुसता बलक, पाणी आणि व्हिनेगर. दोन क्षण शांतता. मग ह्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला.

मी मात्र चिडलेले. तीन अंड्यांची मेहनत! ताई शांतपणे म्हणाली, “अगं, पण करत काय होतीस तू त्याचं?” सांगितलं. बलकात रंग कालवते, फळीवर लावते. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग उलट तिनेच मला समजावलं, सूपात तो कसा घातला ते. बलक थेट उकळत्या भांड्यात ओतला असता तर त्याचे कण कण झाले असते. म्हणून गॅस बंद केला, एक पळी गरम सूप वाटीत थेंब थेंब सोडलं, दुसऱ्या हाताने हलवत राहिली, वाटी कोमट झाली, मग ती सगळी भांड्यात. “तेल आणि पाणी भांडतात, बलक दोघांनाही धरून ठेवतो,” हे तिचं म्हणणं. पुस्तकं ह्यालाच लेसिथिन म्हणतात. बलकात हे लेसिथिन असतं म्हणून मेयोनेज फुटत नाही, आणि म्हणूनच माझा रंग पाण्यातही कालवता येतो. वाळला की मात्र तो पाण्याला दाद देत नाही. मी हे वाचून शिकले होते. ताईला हातानेच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. “नुकसान भरून देते,” म्हणाली. अंडं फोडलं, बलक तळहातावर घेतला, ह्या हातावरून त्या हातावर, मधे पदराला हात पुसत. मी बघत राहिले. तो बलक तिच्या हातात थरथरला नाही. चिमटीत उचलला तर पिवळ्या द्राक्षासारखा लोंबत राहिला. मी टाचणी टोचली. एक धार वाटीत, आणि तिच्या बोटांत रिकामी, ओली पिशवी. पाचपैकी एक फोडला तिने, तोही मी बोलण्यात गुंतवलं म्हणून.

मग म्हणाली, दे ब्रश. समोर तिचाच एक कांदा होता, तोच काढू म्हणाली. सगळ्यात आधी काय केलं असेल? पहिली रेघ ओढली आणि ब्रश खाली ठेवला. अगदी झारा ठेवते तसा. रेघ वाळली, दुसरी ओढली. माझी वीस वर्षांची खोड अशी की ओली रेघ दिसली की परत तिच्यावरून ब्रश फिरवायचा. टेंपेरात तसं केलं की खालचा अर्धवट वाळलेला थर उचलला जातो, भोक पडतं, चिखल होतो. माझ्या पहिल्या चार फळ्या अशाच गेल्या होत्या. मी तिच्या रेघेवर हात घालायला गेले तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली. “ढवळू नकोस.”

तेवढ्यावर माझा वर्ग संपला. एकदा लावलं की हात काढून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. लावलं की हात काढायचा. करून बघा.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी पटापट. सुरुवातीला पुडी आणूच नका, ट्यूबमधला जलरंग बलकात कालवा, चालतो. खाली पृष्ठभाग शोषून घेणारा हवा, खडू आणि सरसाचा लेप दिलेली फळी उत्तम. बाजारात मिळणारं ॲक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाखाली द्यायचा तयार पांढरा लेप, प्लास्टिकसारखं असतं, त्यावर टेंपेरा नीट धरत नाही. ब्रश एकच, बारीक, टोकदार. महागडे बारा ब्रश घेणारी माणसं पहिल्या आठवड्यात ब्रश धुण्यातच दमतात, हे माझं निरीक्षण आहे, राग मानू नका. बलकाच्या पिवळेपणाची धास्ती नको, तो उजेडात काही दिवसांत विरून जातो. तरी चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहून ठेवलंय की तरुण चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीचा फिका बलक वापरा आणि म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा लालसर. मला त्या गृहस्थांची पाककृती वाचायला आवडली असती. अंड्याला हात लावत नसाल तर दुधातल्या केसीनचे रंग असतात, डिंकातले तर असतातच. चित्र हाताला लगेच कोरडं लागतं, पण पुरतं कडक व्हायला महिने जातात, तोवर त्यावर ओरखडे येतात. आमच्या कांद्यावर एक आलाय. कोणाचं नख ते मी सांगणार नाही.

तो कांदा आता फ्रीजवर उभा आहे. जरा डावीकडे कललेला, वरची साल इतक्या रेघांची की मोजवत नाहीत. दुपारी खिडकीतून ऊन येतं तेव्हा साल खरंच सुटेल असं वाटतं. एक सांगते, ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात कुठलंच चित्र आणि कुठलंच जेवण चांगलं दिसत नाही. जेवणाच्या टेबलावर पिवळा दिवा लावा. हे माझ्या विषयात बसत नाही, पण कधीतरी सांगायचं होतं.

राहता राहिलं पांढरं. बलक मी घेते, मग पांढऱ्याचं काय? जुने लोक तेही सोडत नसत. पोथ्या रंगवणारे पांढरं फेसाळ फेटून रात्रभर ठेवत आणि तळाशी उतरलेल्या पाण्यात रंग कालवत. मी ताईला हे उत्साहाने सांगितलं. ती काही बोलली नाही.

आज सकाळी रेकॉर्डिंगला निघताना फ्रीज उघडला. माझ्या वाटीवर, बशीच्या वर, एक चिठ्ठी. आमच्या फ्रीजमधली पहिली चिठ्ठी. ताईचं अक्षर. “पिवळं तुझं. पांढऱ्याचं मेरिंग केलंय, ओव्हनमध्ये आहे. उघडून बघू नकोस.”

नमस्कार.