नंदुरबारचे वाणी आणि आतड्याचा कॅन्सर

श्रोतेहो, नमस्कार. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर इरिनोटेकॅन नावाचं औषध सलाईनमधून देतात. ते यकृतात गेल्यावर त्याचं काय होतं, हा आजचा विषय. मी औषधशास्त्र शिकवते, आणि वर्गात या औषधापाशी आले की आधी यकृताकडे न जाता नंदुरबारला जाते.

नंदुरबारला १९२५ साली मनसुख वाणी यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते पुढे अमेरिकेला गेले, १९६२ साली पीएच.डी. झाले आणि नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. वॉल आधी अमेरिकेच्या शेतीखात्यात होते. कॉर्टिसोन हे औषध बनवायला लागणारा कच्चा माल कुठल्या झाडात सापडतो का, हे ते शोधत होते. त्यांनी जमवलेले हजारभर अर्क कॅन्सरसाठी तपासले गेले, आणि त्यांतला कॅम्प्टोथेका या चिनी झाडाचा अर्क विलक्षण प्रभावी निघाला. त्यातलं नेमकं द्रव्य हाती येत नव्हतं. वाणी आणि वॉल यांनी त्या झाडाचं लाकूड आणि साल घेतली. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर तपासायचा, ज्यात गुण दिसेल तो पुन्हा फोडायचा. असं करत करत १९६६ साली फिकट पिवळ्या सुयांसारखे स्फटिक हाती आले. तेच कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉल जगापुढे आणलं. कॅन्सरची दोन मोठी औषधं ज्या हातांतून आली त्या वाणींचं चित्र आपल्या शाळांच्या भिंतींवर लागलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. २०२० साली ते गेले.

आणि ऐका, हेच कॅम्प्टोथेसिन १९७२ साली आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडलं. मग काय, परदेशी मागणीसाठी त्यावर कुऱ्हाडी चालल्या. आपल्या रानातलं झाड आपल्याला ओळखता येत नाही आणि व्यापाऱ्याला येतं, याचं मला फार वाईट वाटतं. मुलांना पाचवीपासून पानं-साली ओळखायला शिकवा, असं मी जिथे जाते तिथे सांगते.

पण हे द्रव्य पाण्यात विरघळेना. म्हणून त्याचं सोडियमचं क्षार बनवून रुग्णांना दिलं, तर लघवीतून रक्त, भयंकर जुलाब. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या, औषध कपाटात गेलं. मग १९८५ साली ते पेशीत नेमकं काय करतं हे कळलं. डीएनएचा पीळ सैल करायला पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, त्यालाच हे द्रव्य अडकवून ठेवतं आणि वाढणारी पेशी मरते. तेवढ्यात जपानच्या याकुल्ट कंपनीने, हो, त्या छोट्या बाटल्यांतल्या दुधाळ पेयाच्याच कंपनीने, त्याचं विरघळणारं रूप बनवलं. तेच इरिनोटेकॅन. १९९६ साली अमेरिकेत ते आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्य झालं.

आता यकृत. इरिनोटेकॅन स्वतः फारसं काही करत नाही. शरीरात त्याचं एस-एन ३८ बनतं, आणि ते मूळ औषधापेक्षा शेकडो पटींनी जहाल असतं. यकृत त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून निरुपद्रवी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. आतड्यातले जिवाणू तो रेणू पुन्हा तोडतात, जहालपणा परत येतो आणि जुलाब लागतात. नागपूरच्या मे महिन्यात असे जुलाब म्हणजे अर्ध्या दिवसात माणूस कोरडा पडतो. त्यामुळे जुलाब थांबवायची गोळी कधी आणि किती घ्यायची, हे पहिल्या किमोच्या दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिल्याच दिवशी, लिहून.

रेणू जोडण्याचं हे काम यकृतातलं जे विकर करतं, तेच रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्यही बाहेर काढतं. काहींमध्ये ते जन्मतःच मंद असतं. एरवी त्रास काहीच नाही. नवरात्राचे उपास केले की डोळे जरा पिवळे दिसतात, एवढंच. आपल्याकडे हे दुर्मीळ नाही. घरचे म्हणतात कावीळ झाली, आणि ती उतरवायला कुणाकडे तरी नेतात. डोळे दोन दिवसांत आपोआप निवळतात आणि श्रेय उतरवणाऱ्याला जातं. कृपा करून नेऊ नका, रक्त तपासा.

अशा माणसाच्या शरीरात एस-एन ३८ जास्त वेळ राहतं, पांढऱ्या पेशी घसरतात, ताप येतो. उपासाला डोळे पिवळे होत असतील तर किमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना सांगा. पुन्हा सांगते, उपासाला डोळे पिवळे होत असतील तर आधी सांगा. आईवडिलांना, भावंडांना असं होत असेल तरी सांगा. फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, कारण त्यांतल्या काही या औषधाचा परिणाम कमी करतात. विकर मंद आहे का, हे साध्या रक्ताच्या नमुन्यावरून जनुकीय तपासणीत कळतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हींकडून विकर मंद करणारा जनुकातला बदल आला असेल तर डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात, आणि झेपलं तर पुढच्या फेरीत ती वाढवतात.