कोर्टात टाळ्या

नमस्कार मंडळी. मी परभणीत वकिली करतो, फौजदारी कामं जास्त. मागच्या वर्षी न्यूयॉर्कला जाऊन तिकडची कोर्टं बघून आलो, तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, वकीलसाहेब, काय बघितलं? तर एक दिवसच सांगतो.

ब्रुकलिनमधलं ड्रग कोर्ट. व्यसनापायी गुन्ह्यात अडकलेल्यांचं. मी मागच्या बाकावर. पुकारा झाला, पंचविशीतलं पोरगं उभं राहिलं, चोरीची केस. मला वाटलं आता सरकारी वकील उठून मुदत मागणार. तर जजबाईंनी विचारलं काय, आईचा गुडघा कसाय? म्हटलं आपलं इंग्रजी कच्चं, काहीतरी चुकीचं ऐकलं. पोरगं म्हणालं, बराय आता. मग बाई म्हणाल्या नव्वद दिवस झाले, नशेची एकही तपासणी बिघडली नाही, आणि टाळ्या वाजवायला लागल्या. जज! मागोमाग क्लार्क, सरकारी वकील, पोलीस, सगळेच. मी आपला हात मांडीखाली दाबून बसलेलो, बावीस वर्षांची सवय हो, कोर्टात खोकला आला तरी आपण व्हरांड्यात पळतो. शेजारी एक म्हातारी होती, कुण्या आरोपीची आजी असावी, तिनं कोपरानं ढोसलं, वाजव की. मग वाजवल्या.

पुढचा आला त्यानं आधीच सांगून टाकलं, शनिवारी घेतली. म्हटलं गेलं हे आत. बाई म्हणाल्या, खरं बोललास ते बरं केलं, आता दोन दिवस ज्यूरीच्या, म्हणजे पंचांच्या, रिकाम्या जागेत बसून इतरांच्या केसेस ऐक आणि पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर ये. तोच जज, दर आठवड्याला. हे ध्यानात ठेवा मंडळी, तोच जज, दर आठवड्याला.

  

ही पद्धत १९८९ मध्ये मायामीत सुरू झाली, तेच ते नशेचे आरोपी जेलात जाऊन परत यायचे म्हणून. ब्रुकलिनच्याच रेड हुक भागात २००० साली एका जुन्या शाळेत कोर्ट काढलं, तिथं फौजदारीही अन् घरभाड्याची भांडणंही एकाच जजपुढं.

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडता येतं. एनडीपीएसचं, म्हणजे नशेच्या पदार्थांच्या कायद्याचं, कलम ६४अ आहे, थोडक्या मालाची केस असली अन् व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असला तर खटल्यातून सूट मिळते, उपचार अर्ध्यात सोडले तर ती जाऊ शकते. दारू पिऊन धिंगाणा घातला तर १ जुलै २०२४ पासून समाजसेवेची शिक्षा पण देता येते. कायदा आहे, पण मागच्या तारखेपासून पिलास का नाही हे विचारायचं कुणी? बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, केवढा, त्यात जजसाहेबांची बदली.

परवा जिंतूरकडची एक आजी आलती. लेकानं दारूपायी शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटार विकली, चार वर्षं झाली तारखा चालूच आहेत. चहाच्या टपरीवर तिला ही टाळ्यांची गोष्ट सांगितली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, पदरानं बशी पुसली अन् म्हणाली, "ते समदं ठीकाय साहेब, पर टाळ्या वाजवल्यावर तारीख कितीची भेटली त्याला?"