रिकाम्या जागेवर माणूस कोणी बसवायचा?

मंडळी, २९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. ती भरली थेट ४ जून २०२४ च्या निकालानं. मधले चौदा महिने कसबा, कोथरूड, पर्वती, शिवाजीनगर, वडगाव शेरी, कॅन्टोन्मेंट या साऱ्या भागाला खासदारच नव्हता. याच काळात, २० सप्टेंबर २०२३ ला, महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. त्या ४५६ मतांत आपलं मत नाही. याची मला आजही चीड येते.

तेव्हा बरेच जण म्हणायचे, अमेरिकेसारखा एखादा माणूस नेमून टाकावा, निदान जागा तरी भरेल. पण अमेरिकेत सरसकट असं होत नाही. तिथल्या प्रतिनिधिगृहाची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची, रिकामी जागा निवडणुकीनंच भरावी लागते. नेमणूक चालते ती सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं सिनेटर थेट जनतेतून निवडायचं ठरलं, आणि राज्याच्या विधिमंडळानं अधिकार दिला असेल तर गव्हर्नरला तात्पुरता माणूस नेमता येतो, लोक मतदान करेपर्यंत. शिवाय तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा दिल्लीहून आलेला नसतो, त्याला लोकांनीच निवडलेलं असतं.

तरीही काय झालं बघा. अलास्काचे फ्रँक मर्कोव्स्की सिनेटर होते, गव्हर्नर झाले, आणि स्वतःच्याच रिकाम्या जागेवर २००२ मध्ये त्यांनी नेमलं कोणाला? आपल्या मुलीला, लिसा मर्कोव्स्कींना. दोन वर्षांत तिथल्या मतदारांनी गव्हर्नरचा हा अधिकार छाटला. मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण तर जास्त बोलकं आहे. २००४ मध्ये सिनेटर जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, गव्हर्नर होते रिपब्लिकन मिट रॉम्नी. डेमोक्रॅट बहुमताच्या विधिमंडळानं गव्हर्नरचा नेमणुकीचा अधिकारच काढून घेतला. २००९ मध्ये एडवर्ड केनेडी वारले, तेव्हा गव्हर्नर डेमोक्रॅट होते. त्याच विधिमंडळानं काही आठवड्यांत तो अधिकार परत दिला! वायोमिंगमध्ये निदान बंधन आहे: गेलेल्या सदस्याच्या पक्षानं तीन नावं द्यायची, त्यातलंच एक निवडायचं.

आणि नेमणुकीनं जागा पटकन भरते, हेही खरं नाही. आपल्याच विधान परिषदेकडे बघा. ७८ पैकी १२ सदस्य राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतले. त्या जागा २०२० च्या जूनमध्ये रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरात मंत्रिमंडळाची यादी गेली आणि पडून राहिली. वाजवी मुदतीत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे, असं उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. पुढे सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली, आणि सात जणांचा शपथविधी झाला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. कलम १७१ मध्ये मुदतच लिहिलेली नाही, मग कोण कोणाला विचारणार?

लोकसभेसाठी मुदत मात्र आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ म्हणतं, सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. अपवाद दोनच. उरलेला कालावधी वर्षापेक्षा कमी असेल तर; पुण्याचा तो वर्षाहून जास्त होता. दुसरा अपवाद असा की, केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक आयोगानं ‘निवडणूक घेणं अवघड आहे’ असं प्रमाणित करायचं. आयोगानं हीच वाट धरली. कारण दिलं २०२४ च्या तयारीचं, आणि निवडून येणाऱ्याला मिळणाऱ्या थोड्या काळाचं. याच शहरात कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या आणि २६ फेब्रुवारीला कसब्यात मतदान झालंसुद्धा. केरळात पुथुप्पल्लीचे आमदार ओमन चंडी १८ जुलै २०२३ ला गेले, ५ सप्टेंबरला पुथुप्पल्लीत लोक रांगेत उभे होते. मग पुण्यातच काय अवघड होतं? मुंबई उच्च न्यायालयानं १३ डिसेंबरला आयोगाची कारणं फेटाळून तातडीनं निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि सार्वत्रिक निवडणूक दाराशी येऊन ठेपली.

म्हणून मला नेमलेला खासदार नको. मला हवी आहे ती या दुसऱ्या अपवादाला वेसण. ‘अवघड आहे’ असं म्हणायचं असेल, तर आयोगानं जागा रिकामी झाल्यापासून महिन्याभरात कारणांसह ते जाहीर करावं. म्हणजे नागरिक कोर्टात जाईल तेव्हा सहापैकी पाच महिने अजून हातात असतील.