हातच्या लेसचं धुणं आणि जपणं

मंडळी, हाताने विणलेली जुनी लेस धुवावी का? माझं उत्तर आहे, बहुतेक वेळा धुवावी. पण ती पांढरीशुभ्र व्हावी म्हणून नव्हे. सुती आणि लिननचा धागा म्हणजे सेल्युलोज. हवेने आणि उजेडाने तो वर्षानुवर्षं झिजतो, त्यातून आम्ल तयार होतं, आणि हे आम्ल धाग्यात साचलं की झीज आणखी वाढते. लेसवरचा पिवळेपणा हा बऱ्याचदा याच झिजेचा असतो. तो पाण्यात उतरवणं हे धुण्याचं खरं काम. थोडा रंग राहिला तर राहू द्या.

काही लेस मात्र घरी भिजवूच नका. जुनी काळी रेशमी लेस अनेकदा लोह आणि टॅनिन, म्हणजे झाडांच्या सालींतलं तुरट द्रव्य, वापरून रंगवलेली असते. तो रंगच धागा पोखरतो, आणि हात लावला की चुरा होतो. जरीच्या लेसचंही तेच, पाण्याने धातू काळवंडतो. रंगीत लेसच्या कोपऱ्यावर ओला कापूस दाबून पाहा, कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा.

आता मुख्य गोष्ट, आधार. सुती आणि लिननचा धडधाकट धागा ओला झाला की उलट मजबूत होतो; रेशीम मात्र ओलं असताना कमजोर पडतं. पण जीर्ण धागा कुठलाही असो, त्याला पाण्याचा भार पेलत नाही. ओली लेस चिमटीत धरून उचलली की सगळं वजन दोन-चार धाग्यांवर येतं आणि ते तुटतात. म्हणून पसरट ट्रेमध्ये नायलॉनची जाळी अंथरा, तिच्यावर लेस पसरा, वर दुसरी जाळी ठेवा. पुढे जे काही उचलायचं ते जाळीसकट. फारच नाजूक तुकडा असेल तर तो आधी मलमलीवर मोठ्या, सैल टाक्यांनी टाचून घ्या. पूर्वी बाटलीला पांढरं कापड गुंडाळून त्यावर लेस टाचत आणि बाटलीसकट उकळत. टाचण्यामागचा विचार मला पूर्ण पटतो, उकळणं अजिबात नाही.

आधी नुसत्या कोमट पाण्यात ठेवा. थोड्या वेळाने ट्रेच्या कडेला पाणी पिवळसर होताना दिसेल. ते ओतून टाका, नवं घाला, आणि रंग उतरायचा थांबेपर्यंत हेच करा. अनेक तुकड्यांना साबणाची गरजच पडत नाही! लागलाच तर सुगंध आणि चमक आणणारी द्रव्यं नसलेला सौम्य द्रव साबण, तोही थोडासा. रेशमासाठी एन्झाइमवाला डिटर्जंट नको, कारण रेशीम हे प्रथिनच, आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम त्यालाही तोडतात. चोळायचं नाही, पिळायचं नाही. जाळीवरून स्पंज हलके हलके दाबायचा. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या. जड पाण्यातला चुना धाग्यावर बसतो, आणि पाण्यात लोह असेल तर तांबूस डाग पडतात.

क्लोरीनच्या ब्लीचने सुती धागा आतून कमजोर होतो आणि रेशीम तर विरघळून जातं. लिंबू लावून उन्हात टाकणं, किंवा जुनी छटा यावी म्हणून चहाच्या पाण्यात बुडवणं, हेही टाळा. बाहेर काढलेलं आम्ल आपणच परत आत घालतो.

वाळवताना टॉवेलने टिपून घ्या. जाड फोमवर प्लास्टिकचा कागद ताणून त्यावर लेस ठेवा. आधी सरळ काठ रेषेत आणा, मग बाहेरच्या कंगोऱ्यांतला एकेक फासा बोटाने उघडत बसवा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात आणि त्या धाग्यात न खुपसता फाशाच्या मोकळ्या जागेत टोचा. मला या कामात सर्वांत जास्त आनंद इथे मिळतो, कारण चुरगळलेली नक्षी पुन्हा वाचता येऊ लागते. अशी वाळवली की इस्त्री लागत नाही.

ठेवताना खळ नको, तिच्यावर कसर येते. लांब पट्टी आम्लविरहित कागद लावलेल्या नळीवर, सुलटी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. छोटे तुकडे सपाट ठेवा. घडी घालावीच लागली तर घडीत कागदाची सुरळी भरा आणि मधूनमधून घडीची जागा बदला. उघड्या लाकडाच्या पेटीतून आम्लाची वाफ निघते. प्लास्टिकच्या बंद पिशवीत दमट हवा कोंडली की बुरशी धरते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या कपाटात ठेवणं उत्तम. आणि कुणी विणली, धागा कोणता, कधी धुतली, हे एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. शाई ओल लागली की पसरते.