आजीच्या टीव्हीवर आजोबा: कोडी, रूट आणि घरच्या कॅसेटी

नमस्कार मंडळी! मी बडोद्याहून बोलतेय, दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून.

(कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरते)

ही बघा, व्हीएचएस कॅसेट. पाठीवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'ताईचं लग्न, मे १९९३'. अशा आमच्याकडे एकवीस आहेत. इथल्याच समा भागात राहणाऱ्या काकांकडे चौदा होत्या. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी त्यांच्या तळमजल्यात शिरलं, आणि कॅसेटी होत्या कपाटाच्या अगदी खालच्या खणात. काकूने चिखल पुसला, पंख्याखाली वाळवल्या, पण बहुतेकींची आतली फीत चिकटून बसली होती. तेव्हा मी आमच्या एकवीस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या.

उतरवून झाल्या. आता आजी त्या बघणार कशी? लॅपटॉप तिला नको वाटतो. तिला रिमोट हातात हवा, समोर टीव्ही हवा. म्हणून टीव्हीवर कोडी टाकायचं ठरवलं.

कोडी म्हणजे घरातले व्हिडिओ, गाणी, फोटो एका जागी मांडून टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. सुरुवात झाली एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रावर, म्हणून नाव होतं एक्सबीएमसी. २०१४ मध्ये त्याचं कोडी झालं. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोडी रिकामं कपाट आहे. त्यात एकही सिनेमा, एकही चॅनेल येत नाही. 'सगळं फुकट दिसणारा कोडी' म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. ती चोरी तर आहेच, शिवाय कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तुम्ही घरच्या वायफायवर आणून बसवता.

आता रूट, म्हणजे कंपनीने बंद ठेवलेल्या टीव्हीच्या आतल्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं. तुमचा टीव्ही अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही असेल, तर रूटचा विचारच सोडा. प्ले स्टोअरमध्ये कोडी आहे, टाका आणि वापरा. प्रश्न येतो तो एलजीच्या वेबओएस टीव्हीला. वेबओएस म्हणजे टीव्ही चालवणारी सिस्टिम; ती मुळात पाम कंपनीने फोनसाठी केली, ती एचपीकडे गेली, तिथून २०१३ मध्ये एलजीकडे आली. आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. एप्रिल २०२४ च्या कोडी २१ मध्ये वेबओएसचा आधार आला, पण टीव्हीच्या दुकानात, म्हणजे त्याच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये, कोडी मिळत नाही. ते बाहेरून टाकावं लागतं.

बाहेरून टाकायचे रस्ते दोन. पहिला, कंपनीचाच डेव्हलपर मोड, म्हणजे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीची सोय. खातं उघडा, मोड चालू करा, लॅपटॉपवरून कोडी चढवा. त्याला मुदत असते. मुदत वाढवायची विसरलात की मोड बंद होतो आणि त्यातून टाकलेली अ‍ॅप्स निघून जातात. एखाद्या सकाळी आजीने टीव्ही लावला आणि कोडी जागेवर नाही, हे मला चालणार नव्हतं.

दुसरा रस्ता रूटचा. रूट म्हणजे लिनक्समधला तो वापरकर्ता, ज्याला सगळी दारं उघडी असतात. टीव्हीच्या फर्मवेअरमधली, म्हणजे आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमधली, एखादी चूक शोधून तो अधिकार मिळवतात, आणि कंपनी पुढच्या अपडेटमध्ये ती चूक बुजवते. त्यामुळे काही करायच्या आधी ऑटोमॅटिक अपडेट बंद करा. मग सेटिंगमधून मॉडेल नंबर आणि फर्मवेअरचा आकडा वहीत लिहून घ्या. 'कॅन आय रूट माय टीव्ही' नावाची साइट आहे, तिथे हे दोन्ही घालून आपल्या टीव्हीला कुठली पद्धत लागू पडते ते बघता येतं. वॉरंटी चालू असेल तर थांबा. आमच्या टीव्हीची संपली होती, म्हणून मी हात घातला.

रूट झालं की होमब्रू चॅनेल नावाचं, बाहेरची अ‍ॅप्स टाकायचं अ‍ॅप बसतं आणि त्यातून कोडी. इथे घाई करू नका, कारण या क्षणी तुमच्या टीव्हीचं दार उघडं आहे. सुरुवातीला टेलनेट, म्हणजे नेटवर्कवरून टीव्हीत शिरायची जुनी वाट, पासवर्डशिवाय चालू असतं. होमब्रू चॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएसएच, म्हणजे तशीच पण सुरक्षित वाट, चालू करा, टीव्ही बंद करून पुन्हा लावा. एसएसएचचा ठरलेला पासवर्ड 'अल्पाइन' आहे, आणि तो सगळ्या जगाला माहीत आहे. आपली स्वतःची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल, घाला. डेव्हलपर मोडचं अ‍ॅप टीव्हीवर असेल तर तेही काढून टाका, नाहीतर त्याची मुदत संपताना तुमचं सगळं पुसून नेईल.

(टीव्हीकडे वळते)

आता माझ्या जिवाजवळचा भाग. हे बघा. १९९३, आजोबा फेटा बांधतायत. चेहरा स्थिर आहे तोवर चित्र स्वच्छ. आता हात फिरला... दिसलं? बोटांच्या कडेला कंगव्याचे दाते. बाबा म्हणाले, "फीत खराब झाली गं." फीत चांगली आहे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीचं चित्र ५७६ ओळींचं, सेकंदाला २५ फ्रेम. पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत यायची, आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. मधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शात आजोबांचा हात पुढे सरकलेला. जुना ट्यूबचा टीव्ही त्या ओळी आल्या तशा, एकामागून एक दाखवायचा. नवा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून दाते.

कोडीत यासाठी डीइंटरलेसची, म्हणजे हे दाते काढायची, सेटिंग आहे, पण टीव्हीची चिप स्वतः व्हिडिओ उलगडत असेल तेव्हा ती मिळेलच असं नाही. मी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाते काढणारा बीडब्ल्यूडिफ फिल्टर लावून, सेकंदाला ५० फ्रेम ठेवून नवीन फाइल केली. हा बघा तोच फेटा. बोटं, कापडाची घडी, सगळं सलग. आजीने हे तीनदा मागे नेऊन पाहिलं. मूळ फाइल मात्र पुसू नका, ती तशीच ठेवा.

दोन कॅसेटी मी आधी एका दुकानात दिल्या होत्या. तिथून चित्र रुंद ताणून आलं, सगळी वऱ्हाडी मंडळी आडवी सुटलेली. त्यावर इलाज सोपा. व्हिडिओ चालू असताना व्ह्यू मोड '४:३' करा. फक्त त्या फाइलपुरतंच करा, सगळ्यांसाठी डीफॉल्ट करू नका.

आजीसाठी मुख्य मेनूतून सिनेमा, रेडिओ, हवामान सगळं काढलं, उरले व्हिडिओ आणि फोटो. फोल्डरची नावं मराठीत दिली. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर स्किनच्या, म्हणजे कोडीच्या दिसण्याच्या, सेटिंगमध्ये फॉन्ट 'एरियल' वाला निवडा. आणि घरच्या व्हिडिओंच्या फोल्डरला 'सिनेमा' असा प्रकार देऊ नका. कोडी इंटरनेटवर 'ताईचं लग्न' नावाचा सिनेमा शोधत बसेल. प्रकार 'काही नाही' ठेवा.

डिस्कचं सांगते. फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि डीव्ही या व्हिडिओच्या प्रकारात उतरवलेला एक तास तेरा जीबीच्या आसपास जातो. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून टीव्हीला लावा. टीव्हीमागे सतत डिस्क नको असेल तर जुन्या लॅपटॉपवरून एनएफएसने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून, फाइली शेअर करा, कोडी ते नीट वाचतं.

आणि दुसरी प्रत. तीही त्याच खोलीत ठेवली तर पाणी दोन्हींना एकदमच गाठेल. आमची दुसरी डिस्क मांजलपूरला मावशीकडे आहे, तिसऱ्या मजल्यावर, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जाते, तेव्हा ती लॅपटॉपला लावून दोन-चार फाइली उघडून बघते. काकांच्या चौदातल्या ज्या तीन कॅसेटी वाचल्या, त्या यंदा त्या डिस्कवर चढवायच्या आहेत.