मांडीवरची दुसरी जखम

भाजलेल्या हातावर त्वचारोपण झालं, आणि तिसऱ्या दिवशी राउंडला पेशंट तक्रार करतो ती मांडीची. हात शांत आहे. आग होतेय ती जिथून कातडी घेतली तिथे.

डर्माटोम, म्हणजे कातडीचा पातळ थर काढणारा यांत्रिक वस्तरा, मांडीवरून साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीची कातडी सोलून काढतो. खाली राहतो ठिपक्याठिपक्यांनी रक्त येणारा लालभडक थर आणि उघडी पडलेली मज्जातंतूंची टोकं. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी मात्र शाबूत असतात. त्यांतूनच नवी कातडी पसरते आणि दोन-तीन आठवड्यांत जखम झाकते. तोवर तिला ओल हवी आणि कुणी हात लावायला नको.

व्हॅसलिन गॉझ, म्हणजे व्हॅसलिन लावलेली जाळीदार पट्टी, इथेच नडते. पहिल्या दिवशी ती मऊ, तेलकट असते. मग रक्त आणि स्राव तिच्या जाळीत शिरून सुकतात, गॉझ कडक होते. ओढली की कोवळी कातडी तिच्याबरोबर उपटून येते. म्हणून वरचा कापूस भिजला तर तेवढाच बदलावा. आतली जाळी तशीच ठेवावी आणि कडा आपोआप सुटतील तशा कात्रीने कापत जावं.

दुसरा पर्याय पारदर्शक, चिकट प्लास्टिक फिल्मचा. तिच्याखाली दुखणं कमी, पण पहिल्या दोन दिवसांत लालसर पाणी साचतं, चादर भिजते आणि नातेवाईक घाबरतात. त्यासाठी फिल्म लावण्याआधी अ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आकसवून रक्त थांबवणारं औषध) घातलेल्या सलाइनमध्ये भिजवलेली गॉझ १० मिनिटं दाबून धरावी. भोवतालची त्वचा कोरडी करावी, आणि फिल्म चहूबाजूंनी ३-४ सेंटिमीटर चांगल्या त्वचेवर घ्यावी.

नेदरलँड्समधल्या १४ रुग्णालयांनी २८९ रुग्णांवर सहा प्रकारची ड्रेसिंग तपासली. निष्कर्ष २०१३ साली आले. हायड्रोकोलॉइडखाली (स्राव शोषून जेलसारखं होणारं चिकट ड्रेसिंग) निम्म्या रुग्णांच्या जखमा १६ दिवसांत भरल्या, इतर ड्रेसिंगखाली त्याला २३ दिवस लागले. गॉझखाली संसर्ग १८ टक्के, इतरांत ७.६.

हायड्रोकोलॉइड महाग पडतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी वेगळा पर्याय शोधला: केळीचं पान. गरम भात वाढला तरी ज्याला चिकटत नाही, तेच मेणचट पान निर्जंतुक करून जखमेवर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत व्हॅसलिन गॉझपेक्षा पान काढताना दुखणं बरंच कमी होतं.

ड्रेसिंग कुठलंही असो, चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ठणका वाढला, वास आला किंवा हिरवट डाग दिसला, तर 'उघडू नये' हा नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी उघडून पाहावं.